आई-बाबांसाठी गॅरेजची खोली: सुरुवात जमिनीपासून करा

वाचकाचं पत्र

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घर १९७४ सालचं, दुमजली, तिन्ही बेडरूम वरच्या मजल्यावर. बाबा ७६ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि जिना चढणं आता जमत नाही. पुढच्या दिवाळीनंतर आई-बाबा इकडे येऊन राहणार आहेत. घराच्या कडेला लागून २० बाय २० फुटांचं दोन गाड्यांचं गॅरेज आहे. तिथे बेडरूम, बाथरूम आणि आईला सकाळच्या चहापुरता छोटा ओटा करायचा विचार आहे. गॅरेजची जमीन घरापेक्षा दोन पायऱ्या, म्हणजे १४ इंच खाली आहे. त्या जमिनीपासून छत ९ फुटांवर आहे. एका कोपऱ्यात घर गरम करणारी गॅसची फर्नेस आणि वॉटर हीटर आहे. घराखाली क्रॉल स्पेस, म्हणजे रांगत जाण्याइतकी बुटकी पोकळी आहे. एका कंत्राटदाराने २८,००० डॉलर सांगितले. तो म्हणतो की गॅरेजचं दार तसंच ठेवू, आतून भिंत घालू, काँक्रीटवर कार्पेट टाकू. बाहेरून काहीच बदललेलं दिसणार नाही, मग टाउनशिपच्या परवान्याची भानगड कशाला? काय करावं?

उत्तर

कल्पना चांगली आहे आणि तुमच्या गॅरेजची मापंही तिला अनुकूल आहेत. पण कंत्राटदाराने सुचवलेली पद्धत स्वीकारू नका. गॅरेज घराला चिकटलेलं असलं तरी ते राहण्यासाठी बांधलेलं नसतं. गाडीवरचं बर्फ वितळून पाणी बाहेर जावं म्हणून त्याची जमीन दाराकडे उतरती असते. पेट्रोलची वाफ घरात शिरू नये म्हणून ती घरापेक्षा खाली ठेवलेली असते. जमिनीच्या काँक्रीट स्लॅबखाली इन्सुलेशन नसतं, भिंतींत बहुधा नसतं, फर्नेसची हवा तिथे सोडलेली नसते. यातली प्रत्येक गोष्ट बदलावी लागेल आणि सगळ्यात जास्त काम जमिनीचं आहे. वृद्ध माणसांच्या खोलीत तर जमीनच सगळ्यात महत्त्वाची: ती सपाट, कोरडी, उबदार आणि घराच्या जमिनीशी एका पातळीत हवी. पैसे कमी पडले तर टाइल्स, दिवे, कपाटं साधी घ्या, जमिनीत काटकसर करू नका.

आधी झोनिंग

आराखडा काढायच्या आधी टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसरला (जागेच्या वापराचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) भेटा, कारण तुमची पहिली अडचण पार्किंगची ठरू शकते. न्यू जर्सीत निवासी बांधकामासाठी राज्यस्तरावरचे पार्किंगचे निकष आहेत. त्यांत स्वतंत्र घराला तीन बेडरूमसाठी २ जागा आणि चार बेडरूमसाठी २.५ जागा धरतात. दोन गाड्यांचं गॅरेज आणि पुढचा २० फूट रुंद, १८ फूट लांब ड्राइव्हवे मिळून ३.५ जागा मोजल्या जातात. गॅरेज गेलं की तेवढ्याच ड्राइव्हवेत दोन गाड्या मावतात, म्हणजे २ जागा. तुमच्या तीन बेडरूमच्या चार झाल्या की गरज २.५ होते आणि अर्धी जागा कमी पडते. हे निकष मुळात नव्या बांधकामांसाठीचे आहेत आणि टाउनशिपचा स्वतःचा नियमही असू शकतो, म्हणून तिथे कोणता हिशेब लागू होतो ते विचारून घ्या. कमतरता निघालीच तर ड्राइव्हवे आणखी एका गाडीपुरता, म्हणजे ९ फुटांनी रुंद करणं हा एक उपाय आहे. त्यासाठी प्लॉटवर किती टक्के जागा डांबर-काँक्रीटखाली चालते ते बघावं लागेल. नाहीतर व्हेरियन्सचा, म्हणजे नियमातून सूट मागण्याचा अर्ज करायचा. त्याला महिने लागू शकतात, म्हणून ही चौकशी या आठवड्यातच करा.

आईच्या चहाच्या ओट्याबद्दलही त्याच भेटीत विचारा. सिंक, छोटा फ्रिज आणि विजेची किटली एवढं बहुतेक ठिकाणी मान्य होतं. शेगडी किंवा कुकिंग रेंजची जोडणी दाखवली की ते दुसरं स्वयंपाकघर ठरतं आणि एका कुटुंबाच्या घराचं दोन कुटुंबांचं घर केल्याचा प्रश्न उभा राहतो. ओट्याला साधे प्लग द्या, रेंजसाठी २४० व्होल्टची लाइन काढू नका.

परवाना का हवाच

दार तसंच ठेवल्याने काम लपेल, पण फायदा तुमचा होणार नाही. बाथरूमचं पाणी भिंतीत शिरलं किंवा वायरिंगमुळे आग लागली, तर विमा कंपनी बेकायदा बांधकामाच्या नुकसानीवर बोट ठेवेल. घर विकताना अनेक टाउनशिप तपासणी करूनच प्रमाणपत्र देतात आणि खरेदीदाराचा वकील परवान्यांची फाइल मागतो. तेव्हा बंद भिंती फोडून दाखवाव्या लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या खोलीत तुमचे आई-वडील झोपणार आहेत, आणि शेजारी गॅसची फर्नेस आहे. इन्स्पेक्टरची नजर तिथे तुम्हाला हवीच आहे.

बांधकाम, वीज, प्लंबिंग, आग आणि फर्नेस-एसीचं यांत्रिक काम असे वेगवेगळे तांत्रिक अर्ज एकाच परवान्याच्या फाइलमध्ये जातात. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून २० कामाच्या दिवसांत टाउनशिपने निर्णय द्यायचा असतो. स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घराचे नकाशे मालकाला स्वतः काढून देता येतात. तरी या कामासाठी आर्किटेक्ट घ्या, कारण पाया आणि जमीन दोन्ही बदलणार आहेत. कंत्राटदाराची राज्याच्या ग्राहक विभागाकडे गृहसुधारणा कंत्राटदार म्हणून नोंदणी आहे का ते पाहा. ५०० डॉलरवरच्या कामाचा करार लेखी असणं कायद्याने बंधनकारक आहे. परवाना नको म्हणणारा कंत्राटदार करारही मोघम ठेवेल, तेव्हा दुसरे दोन अंदाज मागवा.

जमीन

काँक्रीटवर थेट कार्पेट टाकणं ही त्या योजनेतली सगळ्यात वाईट गोष्ट. जमिनीतली ओल स्लॅबमधून सतत वर येत असते. गॅरेजमध्ये ती उडून जाते, कार्पेटखाली अडकते. जुलैतल्या दमट हवेत थंड स्लॅबवर वरूनही दव धरतं. एक-दोन उन्हाळ्यांत कुबट वास, मग बुरशी. जानेवारीत स्लॅबच्या बाहेरच्या कडा इतक्या गार पडतात की मोजे घालूनही पाय ठरत नाहीत. शिवाय दाराकडचा उतार आणि घरात जायच्या दोन पायऱ्या तशाच राहतात.

तुम्हाला १४ इंच मिळाले आहेत, ते सगळे वापरा. जमीन उचलून घराच्या पातळीला आणल्यावर छत ७ फूट १० इंचांवर येईल. कोडला (बांधकाम नियमावलीला) राहत्या खोलीत किमान ७ फूट लागतात, म्हणजे तुम्ही सुरक्षित आहात. ज्यांच्या गॅरेजचं छत ८ फुटांवर आहे त्यांना मात्र १४ इंच उचलता येणार नाहीत, हे इतर वाचकांनी लक्षात घ्यावं.

सुरुवात स्लॅबच्या परीक्षेने करा. सुमारे दीड फूट चौरसाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. मध्यभागी एक आणि दाराजवळ एक, असे दोन लावा. खाली पाण्याचे थेंब किंवा काळपट ओल दिसली तर आधी बाहेरचं पाणी वळवावं लागेल: पन्हाळीचे पाइप पायापासून लांब नेणं, मातीला पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार देणं. याच वेळी रेडॉनची (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणी करून घ्या. आकडा लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त आला, तर स्लॅबखालून हवा खेचणारा पाइप आत्ताच बसवणं सोपं आहे, नंतर नवी जमीन फोडावी लागेल. तेलाचे डाग डिग्रीझरने धुवा. वास राहिला तर तो खोलीत येतच राहतो. वाळवीची तपासणीही स्लॅब उघडा असतानाच करून घ्यायची.

मग क्रम असा. स्लॅबवर १० मिलचं (इंचाच्या शंभराव्या भागाइतकं जाड) पॉलिथिन, सांधे ६ इंच एकमेकांवर चढवून टेप केलेले, कडा भिंतीवर वळवलेल्या. त्यावर ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) लाकडाच्या तीन आडव्या बैठका: एक घराच्या सामाईक भिंतीलगत, एक पलीकडच्या भिंतीलगत, एक मधोमध, तिन्ही काँक्रीट अँकरने स्लॅबला धरलेल्या. बैठकांच्या मधल्या जागेत २ इंच जाडीचा एक्सपीएस फोम, म्हणजे साधारण आर-१० (आर हे उष्णता अडवण्याचं माप). तोच फोम कडेच्या काँक्रीटवर उभा. बैठकांवर २x८ चे (प्रत्यक्षात सव्वासात इंच उंच) जॉइस्ट, म्हणजे जमिनीखालचे वासे, १६-१६ इंचांवर, सामाईक भिंतीकडून पलीकडे जाणारे. मधल्या बैठकीमुळे प्रत्येकाला साडेनऊ फुटांचाच गाळा पडतो, त्यामुळे जमीन पायाखाली थरथरत नाही. जॉइस्टवर पाऊण इंची टंग-अँड-ग्रूव्ह (कडा एकमेकींत अडकणारं) प्लायवूड, गोंद आणि स्क्रू दोन्ही. नुसत्या खिळ्यांवर बसवलेलं प्लायवूड दोन हिवाळ्यांत कुरकुरतं. आतलं माप १९ बाय १९ धरलं तर २० फुटी जॉइस्ट १६, प्लायवूड ४x८ चे १३ आणि फोमचे १३ ताव लागतील.

गफलत होते ती बैठकांच्या उंचीत. उतार फुटाला एक अष्टमांश इंच असेल तर २० फुटांत अडीच इंचांचा फरक पडतो. वरची अर्ध्या इंची फरशी धरून मागच्या बाजूला बैठक साडेपाच इंच आणि दाराकडे आठ इंच उंच लागेल. म्हणजे बैठका पाचरीसारख्या निमुळत्या कापाव्या लागतात. सुतार घाईत असेल तर खाली लाकडाच्या चिपा ठोकून भागवतो. त्या चिपा काही महिन्यांत दबतात आणि पलंगाखालची जमीन खचते. लेझर लेव्हल लावून दर चार फुटांवर मोजमाप लिहून घ्यायला सांगा.

जमिनीखालची पोकळी बाहेरच्या हवेला उघडी ठेवू नका. ती बंद आणि फोमने वेढलेली असेल तर पाण्याचे पाइप तिथून गोठल्याशिवाय जातील. काही इन्स्पेक्टर जॉइस्टच्या मध्ये आर-१९ इन्सुलेशनही मागतात. हे नकाशे देतानाच विचारून ठरवा.

दाराची जागा

दार ठेवायचं की काढायचं? पुढची ६ फूट जागा दारासकट कोठार म्हणून ठेवून मागे खोली करण्यात अर्थ आहे: लॉनमोअर, फावडी, सायकली तिथे राहतात, घराचा चेहरा बदलत नाही आणि दाराखालच्या पायाचं काम वाचतं. तसं केलंत तर मधल्या भिंतीला कोठाराच्या बाजूने किमान अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्समचे ताव) लागेल, आणि कोठारातून थेट झोपायच्या खोलीत दार ठेवता येणार नाही. कोड ते स्पष्टपणे नाकारतो.

तरी आमचं मत दार काढण्याच्या बाजूने आहे. कोठार ठेवलं तर बाथरूम आणि फर्नेसची खोली वजा जाता पलंगापलीकडे फारसं काही उरणार नाही. आणि दोन वयस्क माणसांना न्यू जर्सीच्या हिवाळ्यात दिवसाचा बराच वेळ याच खोलीत काढायचा आहे. रस्त्याकडची खिडकी, तिच्यातून येणारं ऊन आणि जाता-येता दिसणारी माणसं यांची किंमत त्यांना कोठारापेक्षा जास्त आहे.

दार काढल्यावर खाली काय आहे ते खणून पाहावं लागतं. तिथे पाया कधी सलग असतो, कधी स्लॅबची कड थोडी जाड केलेली असते. मध्य जर्सीत पाया साधारण ३६ इंच खोल, गोठणाऱ्या मातीच्या खाली लागतो. खाली पाया नसेल तर तेवढा चर खणून नवा घालावा लागेल. खणण्याच्या किमान तीन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करा, गॅस आणि विजेच्या लाइनवर ते मोफत खुणा करून देतात. पायाच्या वर काँक्रीटचा कठडा किंवा ब्लॉकचे दोन थर, म्हणजे १६ इंच, जुन्या काँक्रीटमध्ये सळ्या एपॉक्सीने बसवून. त्यावर ट्रीटेड सिल (भिंतीखालची आडवी फळी) आणि २x६ ची भिंत. लाकूड बाहेरच्या जमिनीपासून ८ इंच तरी वर हवं. दारावरचं जाड हेडर (आडवी तुळई) तसंच राहू द्या. त्याच्यावर छताचा भार आहे.

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे ड्राइव्हवेचं डांबर थेट नव्या भिंतीला भिडलेलं सोडणं. पावसाचं पाणी, बर्फ, मीठ सगळं त्या सांध्यात साचतं. भिंतीपुढचं दोन-तीन फूट डांबर कापून काढा, तिथे खडी किंवा झाडांचा वाफा करा आणि उरलेल्या ड्राइव्हवेला भिंतीपासून दूर किमान २ टक्के उतार द्या. ड्राइव्हवे घराकडेच उतरत असेल तर भिंतीपुढे आडवी नाली लागेल. ड्राइव्हवेची लांबी १८ फुटांच्या खाली तर जात नाही ना, हे कापण्याआधी मोजा, नाहीतर पार्किंगचा हिशेब पुन्हा बिघडतो.

फर्नेस आणि वॉटर हीटर

खोलीच्या हवेवर जळणारं गॅसचं उपकरण बेडरूममध्ये किंवा बाथरूममध्ये ठेवता येत नाही. त्याला वेगळी बंद खोली लागते: भरीव दार, आपोआप बंद होणारं, कडांना पट्टी लावलेलं, आणि जळणाची हवा पाइपने थेट बाहेरून आणलेली. दार शक्यतो घरातल्या बोळातून उघडेल असं करा, बेडरूममधून नको. दुरुस्तीसाठी उपकरणासमोर ३० बाय ३० इंच मोकळी जागा लागते. लक्षात न येणारी अडचण पातळीची: फर्नेस जुन्या स्लॅबवर उभी आहे आणि तुम्ही जमीन १४ इंच उचलताय. ती खोली खालच्या पातळीत सोडली तर दारात १४ इंचांचा खड्डा पडतो. उचलायची तर डक्ट, गॅस आणि धुराचा पाइप तिन्ही हलवावे लागतात.

फर्नेस १५-२० वर्षांची झाली असेल तर याच वेळी बाहेरूनच हवा घेणारी, बंद ज्वलनाची नवी बसवणं शहाणपणाचं आहे. वॉटर हीटरच्या जागी हीट पंपवाला घ्यायचा मोह होईल, पण तो भोवतालची हवा गार करतो आणि त्याला मोठ्या खोलीची हवा लागते. लहान कपाटात नीट चालत नाही.

नव्या खोलीला जुन्या फर्नेसची डक्ट ओढू नका. तिची क्षमता जुन्या घरापुरती मोजलेली आहे, आणि एका टोकाला जोडलेली खोली हिवाळ्यात गारच राहते. एवढ्या जागेला थंड हवामानासाठी बनवलेला ९,००० बीटीयूचा मिनी-स्प्लिट (भिंतीवरचा, गरम-थंड दोन्ही करणारा एसी) बहुधा पुरतो. तरी माप कंत्राटदाराला गणित करूनच ठरवू द्या. त्याचा झोत पलंगावर येणार नाही अशा भिंतीवर लावा. बाथरूमचं दार बंद असताना त्याची ऊब आत पोचत नाही, म्हणून तिथे टाइलखाली विजेची तापणारी जाळी किंवा भिंतीवरचा हीटर वेगळा हवा. आंघोळ करून निघणाऱ्या ७६ वर्षांच्या माणसासाठी ही चैन नाही.

बाथरूम

बाथरूम सामाईक भिंतीला चिकटून, घरातल्या जवळच्या ड्रेनशेजारी ठेवा. क्रॉल स्पेसमध्ये उतरून मुख्य ड्रेन पाइप घराच्या जमिनीपासून किती खाली आहे ते टेपने मोजा. टॉयलेटचा ३ इंची पाइप फुटाला पाव इंच उतरत जातो. आठ फुटांवर नेला तर दोन इंच जातात, शिवाय टॉयलेटखालच्या वळणाला जागा लागते. मुख्य पाइप १५-१६ इंच किंवा अधिक खाली असेल तर बहुधा काँक्रीट न फोडता, उचललेल्या जमिनीतूनच काम होतं. जॉइस्ट सामाईक भिंतीकडे जाणारे ठेवायला सांगितलं त्याचं एक कारण हेच: पाइप दोन जॉइस्टच्या मधून सरळ जातो, लाकूड कापावं लागत नाही. मुख्य पाइप वर असेल तर पंप बसवावा लागतो. तो आवाज करतो, वीज गेली की बंद पडतो आणि ओले वाइप्स टाकले की अडकतो. शक्य तोवर टाळा.

जमीन नव्याने करताय तर शॉवरला उंबरठा ठेवूच नका. शॉवरच्या भागात २x८ ऐवजी २x६ चे जॉइस्ट १२ इंचांवर घातले की पावणेदोन इंच खोल जागा मिळते. तिच्यात उतार आणि वॉटरप्रूफ पडदा दोन्ही बसतात. शॉवर ३ बाय ५ फुटांचा, आत बसायला जागा, हातात धरायचा शॉवर. ड्रायवॉल लावायच्या आधी शॉवर आणि टॉयलेटभोवती ३३ ते ३६ इंच उंचीच्या पट्ट्यात २x१० च्या फळ्या स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या लाकडांमध्ये) ठोकून ठेवा आणि त्यांचे फोटो काढा. धरायच्या दांड्याला २५० पौंडांचा भार झेलता यायला हवा. नुसत्या ड्रायवॉलमधला स्क्रू तो झेलत नाही. कमोड १७ ते १९ इंच उंचीचा घ्या, त्याचा मध्य बाजूच्या भिंतीपासून १८ इंच. कमोडशेजारी जीएफसीआय (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारा) प्लग आणि पाण्याची टी (पाइपचा फाटा) आत्ताच काढून ठेवा. आई-बाबांना पाण्याची सवय आहे, आणि गरम पाण्याची बिडे सीट नंतर लावायची तर तिला वीज लागते. दारं ३६ इंचांची, बाथरूमचं सरकतं किंवा बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडतं. पंखा किमान ५० सीएफएमचा (मिनिटाला ५० घनफूट हवा खेचणारा) आणि त्याचा पाइप छताबाहेर, माळ्यात सोडलेला नाही.

खिडकी, भिंती, वीज

झोपायच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी: उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट (जमिनीलगतच्या मजल्याला ५ चालते), उंची किमान २४ इंच, रुंदी २० इंच, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नाही. हे माप उचललेल्या जमिनीपासून घ्यायचं. काच खोलीच्या क्षेत्रफळाच्या ८ टक्के, म्हणजे २५० चौरस फुटांना २० चौरस फूट. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची अर्धीच जागा उघडते, म्हणून बिजागरीची केसमेंट घ्या. बाबांना तिचा हँडल फिरवणंही सोपं जाईल.

जुन्या २x४ भिंतींत आर-१५ ची खनिज लोकर आणि आतून २ इंच फोम घाला. छताला सध्याच्या ऊर्जा कोडप्रमाणे आर-६० पर्यंत जावं लागतं, तो भाग माळ्यातून सेल्युलोज (कागदी तंतूंचं इन्सुलेशन) फुंकून स्वस्तात होतो. घर १९७८ च्या आधीचं आहे, तेव्हा जुना रंग खरवडण्यापूर्वी शिशाची आणि जुन्या ड्रायवॉलच्या सांध्यांची अॅस्बेस्टॉससाठी तपासणी करून घ्या.

विजेच्या पॅनेलची क्षमता १०० अँपिअरची असेल तर इलेक्ट्रिशियनकडून भाराचा हिशेब मागा. मिनी-स्प्लिट, बाथरूम आणि ओट्याला स्वतंत्र सर्किट लागतील. परवान्याचं काम निघालं की बहुधा घरभर धुराचे अलार्म एकमेकांशी जोडलेले लागतात, आणि झोपायच्या जागेबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा. आई खोलीत देवघर मांडणार असतील तर त्याची जागा आत्ताच ठरवा. उदबत्ती अलार्मच्या बरोबर खाली आली की तो रोज वाजेल, मग कोणीतरी त्याची बॅटरी काढेल.

गॅरेजमधूनच गाडीतून उतरून कोरड्या पायांनी घरात जाता येत होतं, तो रस्ता आता बंद होईल. नव्या खोलीला बाजूने बाहेरचं दार देणार असाल तर रॅम्पला एकास बारा उतार लागतो. दार बाहेरच्या जमिनीपासून १८ इंच वर असेल तर १८ फूट लांबी. वर छोटं छप्पर काढलंत तर बर्फात मीठ टाकत बसावं लागणार नाही.

पैसे

२८,००० च्या अंदाजात पाया, उचललेली जमीन, बाथरूमचं ड्रेन, मिनी-स्प्लिट, फर्नेसची खोली आणि परवान्याची फी आहे का, हे ओळीओळीने विचारा. कार्पेटवर भागवणाऱ्या अंदाजात यातलं बरंच काही नसणार, आणि ते मागाहून जादा काम म्हणून येईल. अंदाजावर १५ ते २० टक्के राखून ठेवा, कारण दाराखालचा पाया आणि ड्रेनची उंची कळेपर्यंत कोणताही आकडा पक्का नाही. काम पूर्ण झाल्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेपासून मालमत्ता कराची वाढीव आकारणी सुरू होते. तिचं वेगळं बिल ऑक्टोबरमध्ये येऊन १ नोव्हेंबरला भरायचं असतं. बँक एस्क्रोमधून (हप्त्याबरोबर जमा होणाऱ्या कराच्या खात्यातून) कर भरत असली तरी हे बिल अनेकदा तुमच्याच हातात पडतं.

करारात हप्ते तपासण्यांना बांधा: पाया ओतण्यापूर्वीची तपासणी, मग प्लंबिंग, वीज आणि यांत्रिक काम भिंती उघड्या असताना, मग लाकडी सांगाडा, इन्सुलेशन, आणि शेवटची. इन्सुलेशनची तपासणी पास होईपर्यंत ड्रायवॉलचा एकही ताव लावू द्यायचा नाही. शेवटचे किमान १० टक्के टाउनशिपचं अंतिम प्रमाणपत्र हातात येईपर्यंत देऊ नका. खोली दिवाळीनंतर हवी असेल तर पायाचं काँक्रीट उन्हाळ्यातच ओतून व्हायला हवं, आणि त्यासाठी नकाशे फेब्रुवारी-मार्चमध्ये टाउनशिपकडे गेलेले असावेत.